नारळाचा मान

आमच्या घरी वाऱ्याची जितकी विचारपूस व्हायची तितकी पाहुण्यांचीही होत नसे. सकाळी दूधवाला येऊन गेला की बाबा गच्चीवर जात, तर्जनी ओली करून वर धरत आणि खाली येऊन आईला सांगत, "आज नैऋत्येचा आहे." आई पोळ्या लाटत असे. "बरं," म्हणे आणि पुढची लाटी घेई. बडोद्याच्या अकोटा भागातल्या आमच्या टेनामेंटकडे येणारा नैऋत्येचा वारा शेजारच्या पटेलांच्या स्वयंपाकघरावरून येई, त्यामुळे माझ्या लेखी त्याला हिंगाच्या फोडणीचा वास होता. बाबांना मात्र त्यात पाण्याचा वास येत असावा. ते तंत्रनिकेतनात शिकवत. आठवडाभर मुलांच्या गळी यंत्रांची चाकं उतरवत आणि आठवडाभर रविवारची वाट बघत. रविवारी ते शिडाच्या होड्यांच्या क्लबात जात, आणि तिथे ते साधे जगदाळे मास्तर नसत. तिथे ते सेक्रेटरी असत, 'जगदाळे साहेब' असत आणि मुख्य म्हणजे आमच्या पणजोबांचे पणतू असत. खरं तर पणजोबा माझे, बाबांचे ते आजोबा. पण क्लबात सगळे 'ग्रेट-ग्रँडफादर'च म्हणत आणि बाबांनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. एक पिढी मागे गेलेलं माणूस जास्त मोठं दिसतं म्हणून असेल.

ते आजोबा संस्थानच्या काळात सरकारी नौकांवर अधिकारी होते. शहराबाहेरच्या मोठ्या तळ्यावर सरकारी पाहुण्यांसाठी ज्या होड्या असत त्यांची रंगरंगोटी, नावाडी, गाद्या-तक्के हे सगळं त्यांच्या ताब्यात. घराणं मूळचं शिपायांचं. साताऱ्याकडून कुणीतरी तलवार घेऊन आलं आणि दोन पिढ्यांत वल्ह्यांचा हिशेब ठेवू लागलं, असं आई म्हणायची, अर्थात बाबा घरात नसताना. नारळी पौर्णिमेला तळ्याला नारळ द्यायचा मान या आजोबांचा. समुद्र इथून दूर, तरी मराठी माणसांनी कोकणातली रीत तळ्यावर आणून बसवली होती. संस्थान गेलं, होड्या कुजल्या, तो मानही बरीच वर्षं कुणी आठवला नाही. मग काही लष्करी अधिकारी, काही कारखान्यांतले साहेब आणि दोनचार प्राध्यापक यांनी मिळून त्याच तळ्यावर क्लब काढला आणि कुणीतरी जुनी चौकशी करता करता आमच्या घरापर्यंत पोचलं. बाबांच्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस होता. माझ्या जन्माचा दिवस धरूनही हे मी म्हणते आहे, आणि रागाने नाही.

क्लबाचे प्रमुख कर्नल सूद. फतेगंजच्या लष्करी लाइनीत नोकरी करता करता बडोद्याच्या प्रेमात पडून निवृत्तीनंतर इथेच राहिलेला, मोठ्या आवाजाचा दिलदार पंजाबी माणूस. त्यांनी नियम घातला होता की ज्याला पोहता येत नाही त्याला सभासद करायचं नाही. जेट्टीच्या खोल अंगाला, थोड्या अंतरावर एक पत्र्याचं पिंप नांगरून ठेवलेलं असे. अंगावरच्या कपड्यांनिशी तिथपर्यंत पोहत जायचं आणि कशालाही हात न लावता परत यायचं. सुरुवातीला प्रत्येकाने ही परीक्षा दिली. स्वतः कर्नलसाहेबांनीही दिली. बाबांची पाळी आली तेव्हा त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना म्हणाले, "इनके दादा-परदादा इसी पानी पर राज करते थे. इनकी क्या परीक्षा लेंगे हम लोग?" टाळ्या पडल्या. बाबा नुसते हसले. आणि एवढ्यावर न थांबता कर्नलसाहेबांनी आपल्या गळ्यातली शिट्टी काढून बाबांच्या गळ्यात घातली. यापुढे परीक्षा जगदाळे साहेब घेतील.

बाबांना पोहता येत नव्हतं.

हे घरात आम्हा तिघांना ठाऊक होतं. मला कळलं ते बाराव्या वर्षी, आजोळी. आईचं माहेर रत्नागिरीकडे, खाडीकाठी. एका सुट्टीत आम्ही सगळे भरतीच्या वेळी खाडीवर गेलो. आई जुन्या पातळाचा काचा मारून पाण्यात शिरली आणि बघता बघता पलीकडच्या खुंटापर्यंत जाऊन आली. माझी आई, जिला मी तोवर कधी पळतानाही पाहिलं नव्हतं. मामा, मामी, त्यांची मुलं, सगळी पाण्यात होती. बाबा इस्त्रीच्या पँटमध्ये काठावर उभे राहून भरतीची वेळ घड्याळात बघत होते. मी त्यांना हाका मारल्या तेव्हा आई पोहत माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "त्यांना नाही येत. बडोद्याला कुठे बोलायचं नाही." मी बोलले नाही. आई स्वतःही बडोद्यात पुन्हा कधी पाण्यात उतरली नाही. जगदाळ्यांच्या सुनेने पोहायचं म्हणजे काय, असा प्रश्नच कधी कुणी विचारला नाही, कारण तिने तो येऊच दिला नाही. मला मात्र बाबांनी लहानपणीच हट्टाने पोहायला घातलं होतं. माझी परीक्षा क्लबात त्यांनीच घेतली, आणि मी पिंपाला वळसा घालून परत येत असताना जेट्टीवर उभ्या असलेल्या त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला कौतुक म्हणावं की हेवा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या वर्षांत शहरात नवा पैसा येत होता. गच्च्यांवर डिशच्या छत्र्या उगवत होत्या, मकरपुऱ्यात रोज एखादं नवं शेड उभं राहत होतं, आणि ज्यांचे बाप गल्ल्यावर बसले त्यांना आता वीकएंड पाहिजे झाला होता. त्यातलेच एक किरीटभाई. प्लास्टिकच्या बाटल्यांची बुचं करायचे. गोल, गोरे, कपाळावर बारीकसा चांदला आणि मनगटावर परदेशातून आणलेलं घड्याळ. त्यांना क्लबाचं सभासद व्हायची भारी हौस. दोन वर्षं त्यांनी परीक्षा दिली आणि दोन्ही वर्षं पिंपापर्यंत जाऊन पिंपाला मिठी मारली. दोन्ही वेळा बाबांनी जेट्टीवरून लांब शिट्टी फुंकली. कर्नलसाहेब एकदा म्हणाले, "जाने दो जगदाळे, भला आदमी है." बाबा म्हणाले, "नियम म्हणजे नियम." हे वाक्य त्यांनी घरी येऊन आईला पुन्हा ऐकवलं. आई शेंगा निवडत होती. तिने मान वर केली नाही, आणि माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. किरीटभाई तरीही कुणाचे तरी पाहुणे म्हणून क्लबात येत राहिले, डबाभर खांडवी आणत राहिले आणि बाबा दिसले की हात जोडून "केम छो साहेब" म्हणत राहिले.

नारळी पौर्णिमेच्या लगतच्या शनिवार-रविवारी क्लबाचा मेळावा असे. त्या वर्षी पौर्णिमाच रविवारी आली. शनिवारी मी आणि आई खंडेराव मार्केटातून नारळ आणले. एक पूजेचा, शेंडीचा, आणि बाकीचे भातासाठी. आई एकेक नारळ कानाशी धरून हलवायची, बोटाने ठोकायची, आणि भाजीवाली कंटाळून म्हणायची, "बेन, नारियेळ छे, छोकरो नथी जोवानो," म्हणजे नारळ आहे, मुलगा नाही बघायचा. संध्याकाळभर घरात खोबरं खवल्याचा खरखर आवाज होता. नारळीभात आई फार सुंदर करायची. लवंगा तुपात फुलवून त्यावर तांदूळ परतायचे, गूळ शेवटी घालायचा, आणि झाकणावर निखारे ठेवायची सोय गॅसवर नाही म्हणून तव्यावर पातेलं ठेवून मंद आच द्यायची. गुजराती मंडळी त्याला गोड भात म्हणत, भज्यांबरोबर खात आणि पुन्हा मागत. मी आता तो तसाच करते, पण माझा चिकट होतो. त्या रात्री वारा वाढला. पत्रे वाजू लागले, पटेलांची वाळत घातलेली साडी आमच्या गच्चीत येऊन पडली. सकाळी बाबा गच्चीवरून खाली आले तेव्हा बोट ओलं करायची गरजच नव्हती. त्यांचे केस उभे राहिले होते.

तरी त्यांनी फेटा बांधायला घेतला. दरवर्षीचा तो लाल फेटा, पांढरा अंगरखा, पायात मोजड्या. फेट्याचं एक टोक मी धरायचं आणि खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात उभं राहायचं हे माझं काम. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मला या सगळ्याची लाज वाटायला लागली होती. मैत्रिणींचे वडील रविवारी बर्म्युडा घालून क्रिकेट बघत. माझे वडील मराठेशाहीत जात. "बाबा, आज एवढ्या वाऱ्यात कशाला फेटा? टोपी घाला," मी म्हटलं. ते आरशात बघून म्हणाले, "नंदू, पेपरवाला येतो आहे फोटो काढायला. आणि मान डोक्यावर असतो, खिशात नसतो." आई फियाटच्या मागच्या सीटवर पातेलं मांडीवर घेऊन बसली. रस्ताभर गाडी वाऱ्याने डुलत होती आणि पातेल्यातला गुळाचा वास काचा बंद असल्यामुळे नाकात भरला होता.

तळं ओळखू येत नव्हतं. श्रावणातल्या पावसाने काठोकाठ भरलेलं, मातकट, आणि वरून पांढऱ्या लाटा. होड्या काठावर ओढून दोरांनी बांधून ठेवल्या होत्या, तरी त्यांच्या डोलकाठ्यांवरच्या तारा एकसारख्या खणखणत होत्या. कर्नलसाहेबांनी लाल निशाण चढवलं होतं. लाल निशाण म्हणजे एकही शीड पाण्यात जाणार नाही. मंडळी शेडखाली पत्ते कुटत होती, कढईत भजी पडत होती, बायका पदर आवरून बसल्या होत्या. सगळे मजेत होते. होड्या नाहीत म्हणून कुणाचं काही अडलं नव्हतं, आणि मला वाटलं, सुटलो.

बाबा पूजेचं ताट घेऊन कर्नलसाहेबांसमोर उभे राहिले. "नारळ द्यायला हवा."

"जेट्टी से डाल दो, साहेब. भगवान समझ जाएगा. हवा देख रहे हो?"

"जेट्टीवरून नारळ म्हणजे दारातून पाहुण्याला टाटा केल्यासारखं," बाबा म्हणाले. "आमच्या घराण्यात कधी झालं नाही." मग तेच हिंदीत सांगितलं. पेपरवाला, पोऱ्यासारखा दिसणारा तरुण, कॅमेरा काढून तयारच होता. कर्नलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. घराण्याचा विषय निघाला की त्यांचा आवाज खाली यायचा. शेवटी ठरलं की शिडाची होडी नाही, वल्ह्याची छोटी होडी घ्यायची, तिला जेट्टीचा लांब दोर बांधायचा, क्लबचा नावाडी वल्हवेल, आणि चार हात पाण्यात जाऊन नारळ देऊन लगेच परत. लाईफ जॅकेट पुढे केलं गेलं. बाबांनी ते हातात घेतलं, अंगरख्यावर धरून पाहिलं आणि परत दिलं. फोटोत भगवं फुगलेलं जॅकेट आणि वर फेटा दिसला असता हे मलाही कळत होतं. इतकी वर्षं ते जॅकेट घातल्याशिवाय होडीत पाय ठेवत नसत. त्यावरून लोक त्यांना शिस्तीचा माणूस म्हणत. मी आईकडे पाहिलं. आई ओवाळणीचं ताट दोन्ही हातांनी धरून जेट्टीच्या टोकाशी उभी होती. ती काही बोलली नाही, म्हणून मीही बोलले नाही.

होडी दोराच्या टोकापर्यंत गेली. बाबा बसून मंत्र म्हणाले असतील, वाऱ्यात ऐकू आलं नाही. मग पेपरवाल्याने हात वर करून खूण केली आणि बाबा उभे राहिले. 'होडीत उभे राहू नये' ही पाटी क्लबात त्यांनीच तीन भाषांत रंगवून लावली होती. नारळ दोन्ही हातांत, छाती पुढे. एक लाट आडवी आली, होडी कलली, आणि बाबा फार सावकाश, जणू विचार करून, पाण्यात गेले. होडी हलकी झाली तशी वाऱ्याने भलतीकडे फिरली आणि नावाड्याच्या हातचं एक वल्हं सुटलं.

बाबा वर आले, तोंड उघडं होतं. पुन्हा खाली गेले. फेटा सुटून लाल पट्टा पाण्यावर पसरला आणि त्यात त्यांचे हात गुंतले. ते कुणाला तरी हाक मारत होते, पण शब्द नव्हते. मी वळून पाहिलं तर जेट्टीवरची जुनी मंडळी हसत होती. कर्नलसाहेबही. मला वाटलं ही माणसं आहेत की कोण. आणि मी ओरडले, "बाबांना पोहता येत नाही. कुणीतरी जा." कुणी हललं नाही म्हणून मी गुजरातीत ओरडले, "एमने तरतां नथी आवडतुं." मग हिंदीतही. घरातली ती एकच गोष्ट, जी बाहेर बोलायची नव्हती, ती मी तीन भाषांत जाहीर केली, त्यांनी रंगवलेल्या पाटीसारखी. हसणं थांबलं. मी चपला काढत होते तेवढ्यात माझ्या शेजारून कुणीतरी दोर धरून पाण्यात उतरलं. किरीटभाई. बूट, घड्याळ, पांढरा सफारी, सगळ्यासकट. पाणी किती खोल आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ते श्रीजीचं नाव घेत होते. एक पाऊल, दुसरं, तिसरं. पाणी त्यांच्या छातीपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. त्यांनी बाबांना काखेतून धरलं आणि अगदी हळू म्हणाले, पण वारा नेमका त्याच वेळी पडला होता, "साहेब, ऊभा थई जाव. तळियुं छे अहीं."

साहेब, उभे राहा. इथे तळ आहे. बाबा उभे राहिले. पाणी त्यांच्याही छातीपर्यंतच होतं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जेट्टीच्या या अंगाला मोकळं मैदान व्हायचं आणि संध्याकाळी पुरुषमंडळी बॅडमिंटन खेळायची. उन्हामुळे आम्ही बायका त्या दिवसांत कधी यायचो नाही. म्हणूनच जुने सभासद हसत होते. त्या जागेवर दर एप्रिलमध्ये जाळं बांधणारे बाबाच होते.

त्यांना शेडखाली आणलं, टॉवेल दिले, चहा दिला. बडोद्याची माणसं सभ्य. कुणी काही विचारलं नाही. आईने नारळीभाताचं पातेलं उघडलं आणि वाढायला घेतलं. दुसऱ्या कुणाची तरी पायजमा-बंडी घालून बाबा पानावर बसले. कर्नलसाहेबांनी घसा खाकरला. ते चांगले होते, म्हणून त्यांनी ते केलं. "पगड़ी का कपड़ा गले में फँस गया था," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "किसी का भी दम घुट जाए." चारपाच माना हलल्या. मग सगळे बाबांकडे बघू लागले. मीही. मला अगदी खात्री होती की आता ते सांगतील. हसून सांगितलं असतं तरी चाललं असतं. तशा बाबतीत माणसं हसण्यावारी नेतात, एखादी टाळी देतात आणि पुढच्या रविवारी कुणीतरी तुम्हाला तरंगायला शिकवतं.

"शेमला," बाबा म्हणाले. "फेट्याचा शेमला गळ्याभोवती बसला." त्यांनी बोटाने गळ्यावर रेघ दाखवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि ही पोर घाबरली. घाबरलं की माणूस काहीही बोलतं. हो ना, नंदू?"

किरीटभाई समोरच बसले होते. ओल्या सफारीतून त्यांच्या पाटाखाली पाणी साचलं होतं आणि त्यांचं परदेशी घड्याळ टेबलावर उघडून वाळत ठेवलेलं होतं. "हो," मी म्हटलं. "मी घाबरले." "स्वाभाविक छे," कुणीतरी म्हणालं आणि भजी फिरू लागली. एकोणीस वर्षांची मी, क्लबातल्या अर्ध्या लोकांपेक्षा चांगली पोहणारी, आणि मी त्यांची घाबरलेली पोर झाले. लाज कशाची जास्त वाटली असं मला कुणी विचारलं, तर त्यांच्या गटांगळ्या खाण्याची मुळीच नाही. त्यात मला ते बिचारे वाटले होते. लाज वाटली ती त्या बोटाची, गळ्यावर फिरवलेल्या.

जेवण झाल्यावर वारा थोडा उतरला. तेव्हा तरी ते घरी चला म्हणतील असं वाटलं होतं. पण मेळाव्यात नव्या सभासदांची परीक्षा असे, आणि बाबांनी शिट्टी मागवली. कुणाच्याही भुवया वर गेल्या नाहीत. त्या क्षणी एकजण जरी हसला असता तर बरं झालं असतं. बाबा परक्या बंडीत, ओल्या केसांनी जेट्टीवर उभे राहिले. दोन तरुण सहज जाऊन आले. मग किरीटभाई उतरले. हातपाय झाडत, फुसफुसत ते पिंपापर्यंत पोचले आणि दरवर्षीप्रमाणे त्यांनी पिंपाला घट्ट धरलं. सगळे शिट्टीची वाट बघत होते. बाबांनी शिट्टी तोंडातून काढली. "पास," ते म्हणाले.

किरीटभाईंना नीट ऐकू आलं नसेल असं मला आधी वाटलं. त्यांनी डोळ्यांवरचं पाणी पुसलं, वर पाहिलं आणि अतिशय आदराने म्हणाले, "ना साहेब. में तो पीपडुं पकडी लीधुं छे. फेल ज गणो." मी पिंप धरलं आहे, नापासच समजा.

बाबा तसेच उभे राहिले. कर्नलसाहेब दुसरीकडे बघू लागले. मग बाबांनी शिट्टी पुन्हा तोंडात धरली आणि फुंकली. आवाज निघाला तो अगदी बारीक होता. तीत पाणी गेलेलं असावं.

बाबांनी पुढच्या आठवड्यात राजीनामा दिला नाही आणि कुणी मागितलाही नाही. ते पुढे बरीच वर्षं सेक्रेटरी राहिले. पुढच्या नारळी पौर्णिमेला नारळ जेट्टीवरूनच दिला गेला, आणि घराण्याची आठवण कुणी काढली नाही. किरीटभाई येईनासे झाले. त्यांनी नंतर आपल्या फार्महाउसवर स्वतःचा तलाव बांधला असं ऐकलं. बाबा गेले तेव्हा ते स्मशानात आले होते. बऱ्याच मागे उभे होते. मी त्यांना ओळखलं, पण मला त्यांच्याजवळ जाववलं नाही. धड पोहता न येणारा तो माणूस आपण तळ नसलेल्या पाण्यात शिरतो आहोत असं समजून माझ्या वडिलांसाठी शिरला होता, आणि त्याला आमच्या घरून कुणी कधी आभार मानले नव्हते. मानायचे तर आधी कबूल करावं लागलं असतं की तो कशासाठी उतरला.

ही हकिगत मी नवऱ्याला, मुलांना अनेकदा सांगितली आहे, बरीचशी हसत. बॅडमिंटनच्या मैदानावर बुडणारे आजोबा मुलांना फार आवडतात. पुढचं मात्र मी कधी सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, बाबा अंघोळीला गेले होते आणि मी कॉलेजला निघायच्या आधी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या उरलेला भात खात होते. आई पातेल्याच्या बुडाला लागलेलं खरवडत होती. ती माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "तू ओरडायला नको होतंस."

"मला वाटलं बाबा बुडताहेत," मी म्हटलं. माझे डोळे भरून आले होते. "मला काय माहीत खाली मैदान आहे."

"मला तरी कुठे माहीत होतं," आई म्हणाली. "मलाही वाटलं, गेले."

खरवडणं थांबलं होतं. मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. ती खाडी ओलांडून येणारी बाई होती, आणि जेट्टीच्या टोकाशी ती सगळ्यांच्या पुढे उभी होती.

"मग तू का नाही गेलीस?"

न्हाणीघरात बाबांच्या तांब्याचा आवाज येत होता. "इतकी माणसं बघत होती," ती म्हणाली. "बायकोने ओढून काढलं असतं, तर ते पुन्हा कधी घराबाहेर पडले असते का?" मग न्हाणीघराची कडी वाजली, तशी तिने मला हाताने गप्प केलं आणि त्यांच्या चहाचं आधण ठेवलं.